छत्तीस पुड्या

“कौतिका, अळ्या कुठायत?”

हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर माणूस आधी चहा मागतो, निदान बूट तरी झटकतो. चार दिवसांनी परतलेल्या परचुरे मॅडम थेट पेट्यांकडे गेल्या. चाळीसच्या चाळीस पेट्यांची झाकणं उचलून पाहिली आणि स्वयंपाकाच्या तंबूच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी स्टोव्हवर चहा ठेवला होता. आलं कुठून आणणार, सुंठ घातली होती.

“दोन मेल्या,” मी म्हटलं. “अंगातून माशीचे किडे निघाले त्यांच्या. दोन अजून खातायत. बाकीच्या छत्तीस मी काढल्या.”

“काढल्या म्हणजे?”

“पुरल्या.”

मॅडम खाली बसल्या. खुर्ची शेजारीच होती, पण त्या तांदळाच्या पिंपावर बसल्या.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैची दुसरी तारीख होती. आम्ही कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथून पुढे माणसाची वस्ती म्हणून नाही अशा एका बेटावर तंबू ठोकून राहत होतो. आम्ही तिघंच. परचुरे मॅडम मूळच्या पुण्याच्या, पण पंचवीस वर्षं कॅनडात शिकवत होत्या. दुसरा लुकासी, तिकडचाच इनुइट माणूस. पांढरं अस्वल आलं तर बंदूक चालवायची हे त्याचं काम. अस्वल काही आलं नाही, म्हणून तो भांडी घासायचा आणि माझी चेष्टा करायचा. त्याचं माझं दोघांचंही इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

आणि तिसरी मी, कौतिका मारबते. वैनगंगेच्या काठच्या गावातली, कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पिकवणाऱ्या माणसाची लेक.

तिथे एक अळी असते. तपकिरी, केसाळ, करंगळीच्या दोन पेरांएवढी. विलो नावाच्या झाडाचा पाला खाते. झाड म्हणायचं आपलं, घोट्याएवढंही उंच नाही, जमिनीला चिकटून पसरलेलं असतं. ही अळी जून महिना तेवढा खाते. उरलेलं वर्ष झोपते. नुसती झोपत नाही बाप्पा, गोठते. खडा होऊन पडते, उणे पन्नास-साठमध्ये. आणि पुढच्या उन्हाळ्यात ऊन लागलं की उठते आणि पुन्हा पाला कुरतडायला लागते, जसं काही झालंच नाही. अशी कितीतरी वर्षं काढते, तेव्हा कुठे कोष करते आणि पाखरू होते. पाखरू जगतं चार-दोन दिवस.

मॅडमच्या चाळीस अळ्या त्यांनी स्वतः अंड्यांतून काढलेल्या होत्या. प्रत्येकीची जाळीची पेटी वेगळी, प्रत्येक पेटीवर नंबराची पत्र्याची चकती. सहा वर्षं झाली होती. त्यातल्या काही पुढच्या उन्हाळ्यात कोष करतील असा बाईंचा अंदाज होता. बाई एकसष्टच्या होत्या. त्या अळ्या गेल्या, तर नव्या अंड्यांपासून पुन्हा सुरू करायला त्यांना कोणी आणखी सहा-सात वर्षं देणार नव्हतं. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि म्हणूनच मला आणलं होतं. आधीच्या वर्षी एका हुशार विद्यार्थ्याच्या हातून त्यांच्या दुसऱ्या वाफ्यातल्या वीस अळ्या मेल्या. नागपूरला रेशमाच्या एका चर्चासत्रात मी अळ्या हाताळताना मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, “मला पदवी नको, हात हवा. येशील?”

हात हवा! मला हसावं का रडावं कळेना. कारण माझा हात अळीला लागू नये म्हणून आमच्या घरात काय काय झालं होतं ते त्यांना कुठे माहीत होतं.

तर त्या दिवशी मॅडम पिंपावरून उठल्या आणि टेबलावरची वही माझ्यासमोर आपटली.

“मी पानंच्या पानं लिहून दिलं होतं ना तुला? त्या झोपतात म्हणून?”

“दहा जुलैनंतर असं लिहिलंय,” मी म्हटलं. मी तोंडाची फटकळ, चूक झाली तरी आवाज खाली यायचा नाही. “तुम्ही अठ्ठावीस तारखेला गेलात. एकोणतीसला दोन मेल्या. तीसला बाकीच्यांनी खाणं सोडलं. पाला हिरवागार, ऊन चांगलं, आणि ह्या गोळा होऊन पडलेल्या. आणि त्या रेशीम विणून घर करतात, मग झोपतात, हेही तुम्हीच लिहिलंय. एकीनेही धागा काढला नव्हता.”

“यंदा बर्फ लवकर वितळलं गं. सगळंच लवकर होतंय. झोपायच्याच बेतात असतील त्या.”

“मॅडम, उझी माशी लागली की असंच होतं. आमच्याकडे रेशमाच्या अळ्यांवर बसते ती. एकीला लागली की आजारी तेवढ्या लगेच बाहेर काढायच्या, नाहीतर सगळं पीक जातं. मला मेलेली अळी कळते.”

“आणि मला ही अळी कळते!” मॅडम ओरडल्या. मग हळू म्हणाल्या, “निदान मला तसं वाटत होतं. कुठे पुरल्यास? चल, दाखव.”

आम्ही बाहेर पडलो तर वारा तोंडावर आला. हेलिकॉप्टर घाईघाईने परत का गेलं ते तेव्हा समजलं. वीस पावलंही गेलो नसू, समोरचं काही दिसेना. लुकासीने मागून येऊन आम्हा दोघींना दंडाला धरून परत तंबूत ढकललं.

“उद्या,” तो म्हणाला.

उद्या कसलं, वादळ तीन दिवस चाललं. जुलै महिन्यात बर्फ! पारा उणे सातवर गेला. असं क्वचितच होतं म्हणे, पण माझं नशीबच असं. तंबूचं कापड फडफडत होतं आणि आत आम्ही तिघं कांबळी गुंडाळून, एकमेकांशी न बोलता खिचडी खात होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनीच विचारलं, “पुरल्यास कशाला पण? फेकून का नाही दिल्यास? एखाद्या डबीत का नाही ठेवल्यास?”

“बाचा नेम आहे,” मी म्हटलं.

“बाचा म्हणजे वडिलांचा? कसला नेम?”

मग सांगावंच लागलं. आमच्याकडे येनाच्या, तुमच्या ऐनाच्या, झाडांवर कोशाच्या अळ्या सोडतात. पीक निघेपर्यंत बाप्ये जंगलातच झोपडी करून राहतात, त्याला बनात बसणं म्हणतात. बनात बसायचं तर कडक नेम. मासे सोडायचे, आणि आम्ही तर मासे धरणारी माणसं! डोक्याला तेल नाही, हळद नाही. आणि बाईमाणसाने बनात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर पीक बसतं, म्हणजे अळ्या मरून सगळं जातं.

“मी टाकलं,” मी म्हटलं. “बारा वर्षांची होते. मला अळ्या बघायच्या होत्या. बा पाखरं हाकायला पलीकडे गेला तेव्हा गेले आत. एक अळी हातावर घेतली. हिरवीगार, थंडगार, पायांनी असं हळू धरते बोटाला... मला इतका आनंद झाला मॅडम, काय सांगू. आणि त्याच आठवड्यात पीक बसलं. सगळ्या अळ्या उलट्या लोंबायला लागल्या. पाठीला टोपली लावून बा आजारी अळ्या वेचत होता. बनाच्या सावलीपासून शंभर पावलं मोजायची, उगवतीच्या अंगाला. एकेक अळी पानात गुंडाळायची आणि वर दगड ठेवायचा. मी लांबून बघत होते.”

“तुला मारलं?”

“नाही ना! मारलं असतं तर बरं झालं असतं. गावभर झालं, मारबत्याच्या पोरीने बन बाटवलं. बा एक शब्द बोलला नाही. मला रागावला नाही, आणि गावालाही काही म्हणाला नाही. मी प्राणिशास्त्र शिकले ते त्यापायीच. पीक कशाने बसतं ते सगळं पाठ आहे मला. माझ्या हाताने बसत नाही, हेही पाठ आहे. पण मॅडम, तीस तारखेला ती झाकणं उघडली ना, आणि ह्या सगळ्या अशा पडलेल्या... मला वाटलं, झालं. पुन्हा माझाच हात.”

मॅडमनी स्वतःचं एक कांबळं काढून माझ्या पायांवर टाकलं. लुकासीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्याने उठून चहा केला. सुंठ जरा जास्तच घातली.

पाच तारखेला सकाळी वारा पडला. माझा फोनचा दिवस होता, आठची वेळ. दर पंधरा दिवसांनी उपग्रहाच्या फोनवरून घरी दहा मिनिटं बोलायला मिळायचं. तिकडे संध्याकाळचे साडेपाच. गावात किराणा दुकानात फोन होता, तिथे माय येऊन बसायची.

“तिकडं मच्छर हाय का वं?” मायचा पहिला प्रश्न.

“आहेत माय. अस्वलापेक्षा जास्त आहेत.”

“बर्फात मच्छर! कसं नशीब काढलं माह्या पोरीनं. जेवली का?”

“माय, बा आहे का तिथं?”

“बा?” मायने दोनदा विचारलं. सतरा वर्षांत, कॉलेजात गेल्यापासून, मी बाला कधी फोनवर बोलावलं नव्हतं. घरी गेलं की “आली का”, निघताना “चालली का”, एवढंच आमचं बोलणं. बनात बसायला अजून आठवडा होता, म्हणून बा दुकानापुढेच बिडी ओढत उभा होता.

“कोन? कौतिका?” बाचा आवाज आला. तो फोन तोंडापासून हातभर लांब धरायचा.

“बा, माझ्या हातून अळ्या मेल्या.”

त्या फोनवर आपलं बोलणं वर जाऊन खाली यायला वेळ लागायचा. मी वाट बघत राहिले.

“किती?”

“छत्तीस.”

“कायनं?”

“माशी लागली. दोघींच्या अंगातून किडे निघाले. मग बाकीच्यांनी खाणं सोडलं.”

“लोंबल्या का?”

“नाही. गोल होऊन पडल्या. आक्रसून.”

“काळ्या पडल्या? पानी सुटलं?”

“नाही. टणक होत्या.”

“वास आला?”

मॅडम समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“वास आला का म्हन्तो मी!”

“बा, वास... वास घेतलाच नाही मी.”

“बापा बापा!” बा इतका मोठ्याने ओरडला की मॅडमना ऐकू गेलं. “इतकी शिकली अन् वास नाही घेतला? अवं, मेलेली अळी टणक नसते पोरी. मेलेली लिबलिबीत होते अन् वास मारते. टणक अळी मेली हाय म्हनून तुले कोनं सांगतलं? पुरल्या कशा?”

“तुझ्यासारख्या. पाल्यात गुंडाळून. शंभर पावलं, उगवतीकडे. वर दगड ठेवला.”

ह्या वेळी उत्तर यायला फार वेळ लागला. फोन तुटला की काय असं वाटलं मला.

“मी पुरत होतो ते तुनं पाह्यलं होतं?”

“हो बा. त्या साली.”

“हं,” बा म्हणाला. मग खाकरला. “पैसे काहून जाळून राह्यली फोनचे? जा, काढ अळ्या. जा लवकर.”

मी फोन ठेवला आणि बूट न बांधताच पळाले. मॅडम मागे, त्यांच्या मागे लुकासी.

बाहेर येऊन बघते तर सगळीकडे पांढरं. उतार पांढरा, दगड पांढरे, पेट्यासुद्धा ओळखू येईनात.

“कुठले दगड?” लुकासीने विचारलं.

“काळे. गोलसर.”

“वा,” तो म्हणाला. “इथे फक्त दहा हजार आहेत.”

“शंभर पावलं,” मी म्हटलं. “पेट्यांपासून शंभर पावलं, उगवतीकडे.”

आता हसू नका. जिथे सूर्य मावळतच नाही तिथे उगवती कुठली? दोन महिने तो डोक्याभोवती गोल फिरत असतो, घाण्याच्या बैलागत. होकायंत्र भलतीकडेच तोंड करून बसतं. पण पुरताना माझ्या डोक्यात आपलं गाव होतं. घड्याळात सकाळचे सहा वाजले होते. सकाळी सहाला जिथे सूर्य असतो ती उगवती, असं म्हणून मी चालायला लागले होते.

लुकासीला हे मी हातवारे करून सांगितलं. तो हसत सुटला. हसून झाल्यावर मात्र त्याने वर बघितलं. ढग पातळ झाले होते आणि त्यांच्या मागे सूर्याचा पांढरा ठिपका दिसत होता. लुकासीने हात लांब केला, मूठ मिटली आणि क्षितिजावर एकेक मूठ सरकवत मागे मागे आला. दोन तासांपूर्वी सूर्य कुठे होता ते त्याने असं हाताने मोजलं. एका खाचेवर येऊन थांबला.

“सहा वाजता, तिथे,” तो म्हणाला.

मी पेट्यांपाशी उभी राहिले, खाचेकडे तोंड केलं आणि पावलं मोजायला लागले. मॅडम माझ्या बरोबर मोठ्याने मोजत होत्या, पुण्याच्या शुद्ध मराठीत. “अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद...” शंभरला थांबलो. तिघंही गुडघ्यांवर बसलो आणि बर्फ उकरायला लागलो. दगड उचल, खाली काही नाही. दुसरा उचल, काही नाही. माझी बोटं बधिर झाली. मॅडम पुटपुटत होत्या, देवाचं नाव की शिव्या ते त्यांनाच ठाऊक.

“कौतिका,” लुकासी आठ-दहा हातांवरून म्हणाला, “तुझी पावलं बर्फात लहान होतात.”

त्याच्या हातात एक पुडी होती. विलोची पानं, आत सुकं शेवाळ, वर गवताची काडी बांधलेली. बाने येनाच्या पानाची बांधली असती तशीच.

मॅडमनी ती पुडी ओंजळीत घेतली. काडी सोडली. आत सात नंबरची चकती होती. मॅडमना पुढे तपासायला लागेल म्हणून प्रत्येकीबरोबर तिची चकती मी ठेवली होती, तेवढी अक्कल शाबूत होती माझी. आणि चकतीवर अळी. गोल, घट्ट, केसांवर बर्फाचे कण. मॅडमनी नखाने हलकेच टिचकी मारली. टक् असा आवाज आला, सुपारीवर मारल्यासारखा.

“इकडे द्या,” मी म्हटलं आणि नाकाशी नेली.

“काय गं?”

“ओली माती. शेवाळ. बस.” मी ती पुन्हा नाकाशी नेली. “वास नाही मॅडम. वास नाही!”

पुढची पंधरा मिनिटं आम्ही नुसते दगड उचलत होतो आणि आकडे ओरडत होतो. बावीस मिळाली! नऊ मिळाली! एकतीस! छत्तीसच्या छत्तीस निघाल्या. एकाही पुडीत माशीचा किडा नाही, एकही काळी पडलेली नाही. मी पुन्हा पुन्हा वास घेत होते, तेव्हा लुकासी म्हणाला, “खाणार आहेस का?”

“सगळ्या उन्हात ठेवू,” मी म्हटलं.

“मुळीच नाही,” मॅडम म्हणाल्या. “तीनच. जिवंत आहेत का तेवढं बघायचं. बाकीच्यांना हात लावू नकोस. अगं, हे बघ तरी.” त्यांनी एक पुडी माझ्यासमोर धरली. शेवाळाच्या आत अळीभोवती बारीक, पांढुरकी जाळी होती. “घर विणायला घेतलंय तिने. तुझ्या पुडीत. सुकं शेवाळ, दगडाचा आडोसा, माशीला शिरता येणार नाही अशी जागा. त्यांना शोधायला आठ दिवस लागले असते. तू पुरल्या नाहीस त्या, पांघरूण घातलंस.”

सात, बावीस आणि एकतीस नंबर मी एका काळ्या दगडावर ठेवल्या. त्यावरचा बर्फ माझ्या बाहीने पुसला. ऊन चांगलं पडलं होतं. आम्ही तिघं त्या दगडाभोवती उकिडवे बसलो. एकसष्ट वर्षांच्या बाई, डॉक्टरेट, कॅनडाचा पासपोर्ट, आणि अळीवर पडणारी स्वतःची सावली चुकवायला उकिडव्या सरकत होत्या.

अर्धा तास गेला. केसांवरचे कण वितळून थेंब झाले. पाऊण तास. लुकासी झोपला. मी हात मांडीखाली दाबून धरले होते, उगाच लागायला नकोत.

“हलली,” मॅडम म्हणाल्या.

“वाऱ्याने हलली.”

“वारा नाहीये, कौतिका.”

सात नंबरने अंगाची गुंडाळी थोडी सैल केली. पुन्हा थांबली. मग डोकं उचललं, इकडे वळवलं, तिकडे वळवलं, कोण रे मला उठवलं अशा थाटात. आणि चालायला लागली. दगडाच्या कडेवरून ती थेट माझ्या गुडघ्याकडे येत होती. मी बोट पुढे केलं नाही. खरंच नाही केलं. मॅडमनी माझं मनगट धरून मांडीखालून ओढून काढलं आणि तिच्या वाटेत ठेवलं.

ती माझ्या बोटावर चढली. थंडगार. पायांनी असं हळू धरलं बोटाला.

मी भोकाड पसरलं. हसतही होते. लुकासी दचकून जागा झाला आणि त्याने बंदूक उचलली, त्याला वाटलं अस्वल आलं. मग आम्ही तिघंही इतके हसलो की मॅडमना ठसका लागला. त्या दिवशी मी सगळा रवा संपवून शिरा केला. लुकासीने चार वाट्या खाल्ल्या आणि म्हणाला, “अळ्या रोज हरवत जा.”

संध्याकाळी त्या तीन अळ्यांना पुन्हा पुडीत घालून छत्तीसही पुड्या जागेवर ठेवल्या. दगड मात्र ह्या वेळी मॅडमनी लाल रंगाने रंगवले.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडे गेले नाही, दुसरं काम लागलं होतं. पण मॅडमचं पत्र आलं. छत्तीसपैकी तेहतीस उठल्या होत्या. अकरांनी कोष केले. पाखरू उडून गेल्यावरचा सात नंबरचा रिकामा कोष त्यांनी एका डबीत कापूस घालून पाठवला होता. सोबत एकच ओळ होती. “तुझ्या वडिलांना दाखव.”

कोजागिरीच्या सुमाराला मी गावी गेले. बा बनात बसला होता. मी नेहमीसारखी बनाच्या तोंडाशी शेंदूर लावलेल्या दगडापाशी थांबले आणि हाक मारली. बा बाहेर आला. गळ्यात गुलेल, केस तेलाविना उभे. मी डबी दिली.

त्याने कोष चिमटीत धरला, उन्हात फिरवला, कानाशी नेऊन हलवला. चाळीस वर्षं कोसा पिकवलेला माणूस.

“केस हाय यात,” तो म्हणाला. “सूत नाही निघत याचं.” मग पुन्हा फिरवून बघितला. “पर घर पक्कं बांधलं हाय. सात वर्सं गोठून राह्यली म्हन्तेस?”

“सात वर्षं.”

“मंग उठली?”

“उठली बा. माझ्या हातावर चालली.”

बा माझ्या हाताकडे बघत राहिला. मग वळला आणि म्हणाला, “ये.”

“कुठे?”

“आत. ये म्हन्तो ना.”

मी दगडापाशीच उभी राहिले. बा दहा पावलं पुढे जाऊन थांबला. मी दगड ओलांडला. बन ओलांडून तो मला पलीकडे घेऊन गेला, उगवतीच्या अंगाला, सावलीच्या बाहेर. तिथे दगडांच्या ओळी होत्या, शेवाळलेल्या, अर्ध्या मातीत गेलेल्या. त्याने काठीने एक ओळ दाखवली.

“ह्या त्या सालच्या. तू बनात आली त्याच्या बादच्या.” मग काठी पुढे नेली. “अन् ह्या दोन ओळी तू यायच्या चार दिस आधीच्या.”

मी ओळींकडे बघितलं. बाकडे बघितलं.

“रोग आधीच लागला होता?”

“माह्याच टोपलीतून लागला. गेल्या सालची टोपली, धुतली नव्हती.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “गावानं तुहं नाव घेतलं अन् मी गप्प बसलो. भ्यालो मी. मारबत्याच्या हाताले रोग हाय म्हन्ले असते तं बन गेलं असतं. म्हनलं, पोरगी लहान हाय, इसरून जाईन.”

“नाही विसरले.”

“मालूम हाय,” बा म्हणाला. “त्यापायीच तं बर्फात जाऊन बसली.”

मला राग यायला हवा होता. आलाही, चांगला आला. पण त्याच वेळी एक पाखरू येनाच्या शेंड्यावर येऊन बसलं आणि बाची नजर वर गेली, माझीही गेली. त्याने गळ्यातली गुलेल काढून माझ्या हातात दिली.

“हाक त्याले,” तो म्हणाला. “अळ्या खाईन ते.”

मी गुलेल ताणली. नेम चुकला, पण पाखरू उडालं. बा म्हणाला, “हात बरा हाय,” आणि आम्ही दोघं झोपडीकडे चालायला लागलो.